चार कोपरे

"आकडे मले समजत नाही जी," बायको रत्नाबाई पवनीच्या दुकानात म्हणाली, म्हणून घनश्यामनं घराच्या दारासाठी टपोऱ्या बटणांचं, नंबरचं कुलूप निवडलं. "मंग चारही कोपऱ्यांची बटणं दाब वो," तो म्हणाला. धानाच्या रोवणीहून आली की ती चिखलाच्या हातांनीच दाबायची, अन् तो चिडून पुसायचा.

रत्नाबाई गेली. कोपऱ्यांकडे बोट जाईना, म्हणून तेरवीनंतर त्यानं नंबर बदलला.

वैशाखात तलाव आटला, शेतातल्या बांध्यांना भेगा पडल्या. तरी रोज दुपारी कुलूप चारदा वाजायचं, नंबर चुकल्याची किरकिर करायचं. बाहेर कोणी नसायचं. कोपऱ्यांच्या बटणांवर ओला चिखल असायचा.

शेवटी त्यानं जुना नंबर लावला अन् आत वाट पाहत बसला. कुलूप चारदा वाजलं, उघडलं. दार मात्र हललं नाही.

"ये ना वो," म्हणत त्यानं आतली मूठ धरली. हात ओल्या चिखलानं भरला.