अकरावी ओळ

वरिष्ठ कार्यालयाचे पत्र साहेबांनी प्रोग्रामर बाईंसमोर सरकवले. बेपत्ता व्यक्तींच्या यादीतली अकरावी ओळ सलग तिसऱ्या वर्षी बंद झाली नव्हती. दोष प्रोग्रामचा निघाल्यास बाईंचे कंत्राट रद्द होणार होते.

"मी त्यांना प्रोग्रामचंच कारण कळवलंय," साहेब म्हणाले. "उद्यापर्यंत बघा."

पद्धत सुटसुटीत होती. सात वर्षांत न परतलेल्यांची नावे पडद्यावर येत. साहेब नावापुढच्या चौकटीत चार हा आकडा टाकत आणि एंटर दाबत. शोध थांबे, माणूस कागदोपत्री मृत होई. एवढ्या कामाला एका आकड्याची जागा पुरते, असे शासनाचे मत होते. ती जागा बाईंनीच आखली होती.

"चिवट आहे अकराव्या ओळीतली पोरगी," शेजारच्या टेबलावरचा कारकून म्हणाला. "कागदावरसुद्धा मरायला तयार नाही."

बाई हसल्या नाहीत. घर त्यांच्या एकटीच्या कामावर चालत होते.

आरपीजी या जुन्या संगणकीय भाषेत लिहिलेला तो प्रोग्राम त्यांनी पहिल्यापासून तपासला. तो सगळी यादी वाचत नसे. ज्या ओळींच्या चौकटीत काही टाइप केले गेले, तेवढ्याच उचली. चौकटीत चार दिसला तर नाव काढी, रिकामी असली तर मुकाट्याने पुढे जाई. यंत्राने ठेवलेल्या नोंदीत तिन्ही वर्षे सापडली. अकरावी ओळ दर वेळी उचलली गेली होती. चौकट दर वेळी रिकामी होती.

आकडा टाकून, एंटरपूर्वी पुसलेला. आणि तो पडदा उघडण्याचा अधिकार एकट्या साहेबांना होता.

स्वतःच्या धरसोडीचे खापर त्यांनी आपल्या माथी फोडावे, याचा बाईंना रागही नीट आला नाही. त्यांनी नोंदीचा कागद काढला, साहेबांच्या खोलीत शिरल्या आणि दार लोटून घेतले.

"प्रोग्राम ठीक आहे, साहेब. चार पडतो, आणि पुसला जातो. तिन्ही वर्षं."

साहेबांनी कागद वाचला. कागदाची घडी घातली, मग घडीवर घडी.

"चूक प्रोग्रामचीच आहे, असं लिहून द्या, बाई," ते म्हणाले. "घरी तिच्या आईला मी हेच सांगत आलोय, की यंत्रच आपल्या पोरीचं नाव काढू देत नाही."