शनिवारची फवारणी

भिवानं पाठीवरच्या पंपाचा पट्टा आवळला, तोंडाला मास्क लावला आणि नोझल हिरवळीवर धरलं. तेवढ्यात शोभना हातातलं बॅनर तिथंच टाकून धावत सुटली.

"रुको! बंद करो वो!"

"मॅडम, साइड में हो जाओ. दवा है."

"किसने बोला मारने को?"

भिवानं खिशातून जॉब कार्ड काढून तिच्यापुढं धरलं. फार्मचं नाव, शनिवार, दुपारी चार, सर्व प्रकारच्या किड्यांसाठी फवारणी. ग्राहक म्हणून नाव शोभनाचंच.

तिला आठवलं. भाड्यानं घेतलेल्या या फार्मच्या बुकिंग फॉर्मवर 'फवारणी मोफत' दिसलं आणि तिनंच टिक केली होती. आखातात आल्यापासून अल मजाजच्या फ्लॅटसाठी दरवर्षी करायची तशीच. फुकटचं कोण सोडतो? आणि उद्या सकाळी सात वाजता याच फार्मवर बेचाळीस माणसं येणार होती, ती किडे बघायला.

"अगं आई गं," ती पुटपुटली.

"मराठी होय तुम्ही!" भिवानं मास्क खाली ओढला. "मी भिवा. माणगावकडचा."

महिनाभर शोभनानं या मेळाव्यासाठी जिवाचं रान केलं होतं. नाकतोड्यांचे आणि चतुरांचे फोटो व्हॉट्सॲपवर पाठवत बसणाऱ्या मंडळींना एकदा प्रत्यक्ष एकत्र आणायचंच, हे तिनं मनाशी पक्कं केलं होतं. 'सुट्टीच्या दिवशी पहाटे उठून झुरळं बघायला कोण जातंय?' ही नवऱ्याची थट्टाही तिनं गिळली होती. सावली, बाथरूम, पार्किंग, पोहे, बेचाळीस भिंगं, सगळ्याची सोय झाली होती. उद्या ही माणसं हात हलवत परतली, तर पुन्हा एकही यायचा नाही, हे तिला चांगलं ठाऊक होतं.

"नाही मारायचं औषध," ती म्हणाली. "ग्राहकानं अडवलं म्हणून लिहा. मी सही करते."

"सही करा की. पण ताई, मारलं नाही तरी इथं काय दिसणार? दर शनिवारी मीच मारतो. दोन वर्षं झाली. मुंगी ठेवली नाही इथं." भिवाच्या आवाजात अभिमान होता, आणि तो साहजिकच होता. काम चोख होतं.

शोभना गुडघ्यांवर बसली. भिंग घेऊन तिनं हिरवळीचा हातभर तुकडा पाहिला, मग दुसरा, मग कुंडीखाली पाहिलं. सगळं गालिच्यासारखं स्वच्छ. ती रडायच्या बेतात होती. पण रडायला वेळ नव्हता. ती उठली आणि गुडघे झटकले.

"मग गेले कुठं सगळे?"

"जातात कुठं? पंप दिसला की तिकडं," भिवानं कुंपणापलीकडं बोट केलं. पलीकडं उघडा माळ होता. डिसेंबरच्या पावसावर गवत गुडघाभर वाढलेलं, लांब दोन उंट चरत होते.

"चला, दाखवा."

भिवानं पंप उतरवून गेटजवळच्या नळापाशी ठेवला आणि वाटेत एक काठी उचलली. माळावर आल्यावर त्याची चालच बदलली. तो वाकून, पाय जपून टाकू लागला. "इथं पाय नका देऊ," म्हणत त्यानं काठी लांब धरली. उंटाच्या शेणाची गोळी ढकलत एक काळा किडा उलट्या पावलांनी निघाला होता. पुढं झुडपात मातीच्या रंगाचा प्रार्थनाकीटक होता. शोभनाला तो काठीचं टोक दाखवूनही चटकन दिसेना.

"हा आठच्या आत उन्हाला येतो. मग दडतो. हे गोळीवाले मात्र सकाळभर."

शोभनानं उद्याचा छापील कार्यक्रम उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूला भराभर नवा लिहून काढला.

"मॅडम!" फार्मचा मॅनेजर हमदुल्ला गेटमधून ओरडला. "बाहर छाँव नहीं है, बाथरूम नहीं है! सब अरेंजमेंट अंदर है!"

"तो अरेंजमेंट बाहर लाओ, हमदुल्लाभाई! टेबल निकालो, चलो, यल्ला!"

मग ती भिवाकडं वळली. "उद्या रविवार. सुट्टी असेल ना? सातला या."

"मी?" भिवा हसला. "फार्मवर फॅमिलीच चालते ताई, एकट्या पुरुषांना बंदी. बोर्ड आहे गेटवर."

"आपण गेटच्या बाहेर आहोत."

भिवा काठीनं माती उकरत म्हणाला, "तसं नाही. औषधाचा वास अंगातून जात नाही. दोनदा आंघोळ केली तरी. मी जवळ गेलो की ते पळतात. तुमची माणसं बघत राहतील आणि समोर काहीच नाही."

आत्ता शोभनाच्या लक्षात आलं, इतका वेळ हा माणूस एकाही किड्याच्या हातभर जवळ गेला नव्हता. तिनं गवत कोणत्या बाजूला झुकलंय ते पाहिलं.

"वारा सकाळीही असाच असतो?"

"नाही. सकाळी उलटा, डोंगराकडून."

"मग तुम्ही समुद्राच्या बाजूला उभे राहा, म्हणजे वास किड्यांकडं जाणार नाही. लांबून नुसती काठी दाखवा. बघायचं आमच्याकडं लागलं." तिनं येणाऱ्यांच्या यादीत बेचाळिसाव्या नावाखाली एक नाव लिहिलं. "सात म्हणजे सात, भिवा."

ती टेबलं मोजायला निघून गेली. भिवा नळापाशी आला. पंप त्यानं पायानं बाजूला सारला, कोपरापर्यंत साबण लावला, हात खसखसून धुतले. मग नाकाशी नेले, हुंगले, आणि पुन्हा साबण लावला.