बग्गीची जागा

दौलतगंजात उंदीर पडायला लागले, तशी महिपतरावांना प्लेगची धडकी भरली. छावणीतल्या मल्हाररावांशी त्यांनी घाईघाईने घरांची अदलाबदल ठरवली, त्यांचं घर न बघताच.

मल्हारराव घर बघायला यायच्या सकाळी बग्गीच्या जागेत मेलेले उंदीर फुगून पडले होते. महिपतरावांनी ते चिमट्याने उचलून नाल्यात भिरकावले, फिनेल ओतलं, चुना मारला आणि दाराला झेंडूचं तोरण बांधलं. त्यांच्या पत्नीला, शामलाबाईंना, उमाशांवर उमासे येत होते, आणि ते काही नुसत्या उंदरांमुळे नव्हते; त्यांना दिवस गेले होते.

"अहो, त्यांच्या घरात तान्हं मूल आहे."

"तू चूप बस!"

मल्हारराव आले, तेव्हा बग्गीच्या जागेकडे हात करून महिपतराव म्हणाले, "आमच्याकडे स्वच्छतेचं भारी वेड." व्यवहार तिथल्या तिथे पक्का झाला.

दुसऱ्या दिवशी सामानाच्या बैलगाड्या घेऊन दोघं छावणीत पोहोचली. मल्हाररावांचं बिऱ्हाड निघायच्या तयारीत होतं. दाराला झेंडूचं ताजं तोरण होतं. बग्गीच्या जागेतून फिनेलचा भपकारा आला आणि शामलाबाईंनी नाकाला पदर लावला.



"या, या," मल्हारराव हसून म्हणाले, "आमच्याकडेही स्वच्छतेचं भारी वेड!"