बूट तिनेच आणले होते

"पुढाऱ्याचं अभिनंदन करा सगळ्यांनी," मोठे साहेब म्हणाले आणि टाळ्या पडल्या. तिनेही वाजवल्या. हात आपोआप वाजत होते. 

काचेच्या बाटल्यांचा नवा कारखाना दूरच्या गावी उभा राहत होता, आणि त्याचा प्रमुख म्हणून पॅकिंगच्या मॅनेजरचं नाव निघालं होतं. सगळे त्याला पुढारी म्हणत, कारण फोटोत तो नेहमी पुढे असे. भट्टीजवळ जायची वेळ आली, की मात्र त्याला हमखास कुणाचा तरी फोन यायचा. भट्टी सांभाळायची ती. आच कधी चढवायची, कधी उतरवायची, हे तिला नुसत्या आवाजावरून कळे. नव्या कारखान्यात भट्टी कुठली घ्यायची, हेसुद्धा तिनेच ठरवून दिलं होतं. ती खुर्ची तिला हवी होती. अगदी मनापासून हवी होती, आणि हे ती फक्त नवऱ्यापाशी बोलली होती.

साहेब लोकांची खरी मीटिंग सकाळी बॅडमिंटनच्या कोर्टावर व्हायची. ऑफिसात यायचं ते शिळं होऊन. मागच्या खेपेची बढती हुकल्याचं तिला नोटीस वाचून कळलं. कोर्टावर तो विषय केव्हाच चघळून झाला होता. मग तिने स्वतः जाऊन पाहिलं. कुणी नको म्हटलं नाही. पण ती आली, की सगळे एकदम सभ्य व्हायचे. बाकावर पावसापाण्याच्या गप्पा, आणि मुद्द्याचं बोलणं पुरुषांच्या खोलीत, कपडे बदलताना. तिथे ती कशी जाणार?

म्हणून तिने नवऱ्याला कामाला लावलं. तो दातांचा डॉक्टर. जन्मात रॅकेट धरली नव्हती. "अगं, दिवसभर लोकांची तोंडं उघडतो, तेवढं पुरे नाही का?" तो कुरकुरला.

"तिथेही तेच करायचंय," ती म्हणाली. "साहेबांचं तोंड उघडायचं."

पांढरे बूट तिनेच आणून दिले. नको नको म्हणत गेलेला माणूस वर्षाच्या आत साहेबांच्या गळ्यातला ताईत झाला. आता बातम्या घरी ताज्या ताज्या यायच्या. आपलंही एक माणूस आत आहे, एवढ्यानेच तिला हायसं वाटायचं.

सगळे पांगल्यावर ती केबिनमध्ये गेली.

"साहेब, मला एकदा विचारायचं तरी." ती म्हणाली.

साहेब बघतच राहिले. "विचारलं की! सगळ्यांत आधी तुमचंच नाव होतं. डॉक्टरच म्हणाले, मुलीची शाळा, आईंचे गुडघे, तिला नाही जमायचं. मला वाटलं, घरात बोलणं झालं असेल." मग अगदी मायेने म्हणाले, "भला माणूस आहे हो. किती जपतो तुम्हाला!"

भांडावं तर कुणाशी? साहेबांनी नाव काढलं होतं. पुढाऱ्याने काही चोरलं नव्हतं. आत्ता इथेच, मी जाते म्हणावं, तर नवरा खोटा पडत होता, आणि टाळ्याही वाजून गेल्या होत्या. "हो, जपतो," एवढंच ती म्हणाली आणि बाहेर आली. रडायला जागासुद्धा नव्हती.

घरी नवरा दाराशी बसून बूट पुसत होता. सासूबाई आत पाय शेकत होत्या, मुलगी अभ्यासाला बसली होती. घर नेहमीसारखं होतं. तिने पर्ससुद्धा खाली ठेवली नाही.

"मला ती जागा हवी होती, ठाऊक होतं ना तुला?"

"होतं," तो म्हणाला. मान वर केली नाही. लेस ओढून ओढून सारखी करत राहिला.

"मग मला एकदा विचारायचं तरी."

त्याने बूट बाजूला ठेवला.

"विचारलं असतं, तर तू हो म्हणाली असतीस."