कानाची गोष्ट फोडली कुणी

"घरभेदी आहेस तू," सासूबाई सुनेला म्हणाल्या. "बॅग भर आणि माहेर गाठ. जिच्या पोटात बोलणं राहत नाही, तिला माझ्या घरात जागा नाही."

कानाचं मशीन विकणाऱ्या दुकानातून सासूबाईंच्या धाकट्या जाऊबाईंना फोन गेला होता. तुमच्या ताईंना कमी ऐकू येतं, मशीन घ्यायला सांगा. जाऊबाईंना आयतंच फावलं. डोळ्यांत पाणी आणून त्या धावत आल्या आणि सासूबाईंच्या कानाशी तोंड नेऊन ओरडल्या, "ताई, मला आधी सांगायचं नाही होय?"

आता कानाच्या डॉक्टरकडं सासूबाई जायच्या, त्या भाजीला जाते सांगून, सुनेला घेऊन. पोटच्या पोरालाही पत्ता नव्हता. डॉक्टर काही जाऊबाईंना ओळखत नव्हता. मग उरलं कोण? शाळा कमी झाली असली, तरी सासूबाईंची वजाबाकी पक्की होती.

त्यांचं स्वतःचं तोंड म्हणजे तर कुलूपच. दवाखान्यात नंबर येईपर्यंत त्या मान खाली घालून फोनवर गोट्या फोडायचा खेळ खेळत बसायच्या. कुणाशी चकार शब्द नाही.

सुनेनं बॅग काढली नाही. जाऊबाईंच्या फोनवरून तिनं दुकानाचा नंबर लावला आणि आवाज वाढवला, सासूबाईंना ऐकू जाईल इतका. म्हणजे पार खालच्या मजल्यापर्यंत.

"आमच्या सासूबाईंच्या कानाचं तुम्हाला कुणी सांगितलं?"

"त्यांच्या गोट्यांच्या खेळानं," दुकानदार म्हणाला. "ती कंपनी आम्हाला माहिती विकते. बाई सारख्या कानाच्या दवाखान्यात बसून खेळतात, आवाज शेवटाला नेऊन. कुठं जाता ते बघू का, म्हणून खेळानं विचारलं, त्या हो म्हणाल्या. फोनमधले नंबर घेऊ का, हो म्हणाल्या. मूठभर गोट्या फुकट मिळाल्या ना त्यांना. आम्ही आधी त्यांनाच लावला होता, पण त्या नुसतं हॅलो हॅलो करून ठेवून देतात."

जाऊबाई सासूबाईंकडं बघू लागल्या. आवाज ऐकून दारात आलेला मुलगाही बघू लागला. सून तर मघापासून बघतच होती.

सासूबाईंनी चष्मा सारखा केला. जन्मात त्यांची कधी चूक झाली नव्हती, ती आता कशी होईल?

"काय बडबडतोय तो मेला?" त्या सगळ्यांदेखत म्हणाल्या. "मला बाई अजिबात ऐकू येत नाही."