सभेची नोटीस

आमच्या सहकारी बँकेवर निर्बंध आल्याचं कळलं, त्या दुपारी शेजारचे गणपुले दारात येऊन म्हणाले, "आज कुमुदवहिनी हव्या होत्या. चेअरमनला घाम फोडला असता."

खरं होतं. वार्षिक सभेत विषय वाचून व्हायच्या आधीच सगळे "मंजूर, मंजूर" ओरडून वड्यांच्या रांगेत जायचे. माझी बायको एकटी उभी राहून विचारायची, "हिशेब तपासायला दरवर्षी तुमचे साडूच का हो?"

लोक हसायचे. "वहिनी, वडे गार होतायत!"

तिला जाऊन तीन वर्षं झाली. येत्या रविवारी खास सभा आहे. तो प्रश्न आता मी विचारावा, असं गणपुल्यांना वाटतं. मलाही वाटतं. पण शेअर अजून तिच्याच नावावर आहे आणि सभेत फक्त सभासदाला बोलता येतं.

"अर्जावर एक सही करायची, शेअर तुमच्या नावावर," गणपुले म्हणाले.

मग नोटीसही माझ्या नावाने येईल. आता नोटीस आली की पोस्टमन फाटकातून पुकारतो, "कुमुद वैद्य!" आणि मी "आहे" म्हणून बाहेर जातो.

सही अजून केलेली नाही.