जोर

चढ सुरू झाला तसा त्याने गिअर बदलला आणि बायकोकडे बघून विचारलं, "जाणवतंय ना?"

"हो तर," ती म्हणाली. "चांगलीच ओढतेय."

गेल्याच आठवड्यात त्याने गाडीला बाहेरून आणलेला नवा एअर फिल्टर बसवला होता. कंपनीचा मूळ फिल्टर म्हणे इंजिनाचा श्वास कोंडतो. हा बसवला की चढावर फरक कळेल, असं दुकानदाराने सांगितलं होतं. ऑपरेशननंतर अंथरुणाला खिळलेला माणूस त्या दिवशी बाह्या सरसावून बॉनेटखाली वाकला आणि काळे हात घेऊन घरभर हिंडला. तेव्हापासून गाडीत बसेल त्याला तो हेच विचारायचा, आणि जो तो होला हो मिळवायचा. आत्ता मागच्या सीटवर बसलेली त्याची आईसुद्धा. तिला गाडीतलं ओ की ठो कळत नव्हतं, पण विमानात बसल्यासारखं वाटतं म्हणाली होती.

खरं तर बदलला होता तो फक्त आवाज. पूर्वी गाडी गुरगुरायची, आता डरकाळ्या फोडायची. बायकोला तेवढंच कळलं होतं.

पुढे मालाने भरलेला ट्रक रांगत होता. रस्ता अरुंद. एरवी तो निमूट मागे मागे गेला असता. आज त्याने गाडी बाहेर काढली आणि पाय दाबला. इंजिन ओरडलं, गाडी मात्र ट्रकच्या चाकांशीच रेंगाळली. तेवढ्यात वळणावरून बस आली.

"मागे घे," बायको म्हणाली.

तो घेईना. त्याने पाय आणखी दाबला. आवाज वाढला, वेग होता तेवढाच राहिला. शेवटी ट्रकवाल्यानेच करकचून ब्रेक मारला, म्हणून पुढे फट मिळाली. तो कसाबसा आत घुसला आणि बस हातभर अंतरावरून सूं करत निघून गेली.

रस्त्याकडेला थोडी जागा दिसताच त्याने गाडी थांबवली. मागून ट्रक आला. चालकाने शिवी हासडली नाही, नुसतं खाली पाहून मान हलवली आणि पुढे गेला. ते त्याला शिवीपेक्षा जास्त लागलं.

"तुला फरक जाणवतच नव्हता," तो म्हणाला. बोलण्यात प्रश्न नव्हता.

"नाही. कधीच नाही."

"मग हो का म्हणायचीस?"

"तुझा चेहरा खुलायचा म्हणून. आजारपणानंतर पहिल्यांदाच कशात तरी तुझं मन रमलं होतं. एवढ्याशा खोट्याने कुणाचं काय बिघडणार होतं?"

त्याने इंजिन बंद केलं. बॉनेटखाली तापलेलं लोखंड टकटक वाजत निवत होतं.

"ऑपरेशन झाल्यावर डॉक्टरांनी तुला एकटीला आत बोलावलं होतं," तो हळूच म्हणाला. "बाहेर येऊन तू सांगितलंस, गाठ सगळी काढली, आता काळजीचं काही कारण नाही."

तिने सीटबेल्ट सोडला आणि परत लावला.

त्याने आरशातून मागे पाहिलं. आईने काच खाली केली आणि ती बाहेर बघत राहिली.